नाव रेल्वेचं, कारभार तेलाचा

ऊर्जा नियामक लोकांनीच निवडून दिला तर तो कंपन्यांच्या दावणीला बांधला जाणार नाही, असं काही जण म्हणतात. टेक्सासात हे करून झालंय. तिथल्या रेलरोड कमिशनकडे २००५ पासून रेल्वे उरलेली नाही. तेल, गॅस, पाइपलाइन बघतात. तीन आयुक्त, राज्यभर मतदान. आणि ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांच्याकडूनच प्रचाराला देणग्या!

२०२२ची रिपब्लिकन प्रायमरी, म्हणजे आयुक्तपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, बघा. फेब्रुवारी २०२१च्या थंडीत गॅसच्या विहिरी गोठल्या, वीज गेली, दोनशेहून अधिक माणसं दगावली. तरी विद्यमान आयुक्त वेन ख्रिश्चन यांनी खापर फोडलं ते पवन आणि सौर ऊर्जेवर. समोर त्यांच्याच पक्षाच्या, तेल-गॅसचे खटले लढवणाऱ्या वकील सेरा स्टॉग्नर. मुद्दा चांगला होता, बेवारस सोडलेल्या गळक्या विहिरींचा. गाजला मात्र पंपजॅकवरचा, म्हणजे तेल उपसणाऱ्या यंत्रावरचा, त्यांचा अर्धनग्न व्हिडिओ. (हे खातं करतं काय हेच मतदाराला ठाऊक नसेल, तर दुसरं काय गाजणार म्हणा.) रनऑफ, म्हणजे मतदानाची दुसरी फेरी, ख्रिश्चन यांनी आरामात मारली.

गंमत म्हणजे वीज बघणारा आयोग वेगळा, गव्हर्नरने नेमलेला. थंडीनंतर त्याच्या तिन्ही सदस्यांना घरी जावं लागलं. निवडून आलेले तिघं खुर्चीवर कायम.