मदत हवी आहे: १९६६ च्या एमजीबीची रस्त्यावर विश्वासार्ह चाचणी कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो आणि माझ्याकडे १९६६ सालची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी १७९८ सीसीचे इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर आणि ओव्हरड्राइव्ह (चौथ्याहूनही उंच असा जादा गिअर) अशा मूळ स्वरूपात आहे. इंजिन पूर्ण उतरवून बांधून घेतले असून रनिंग-इनचा (नवे भाग रुळेपर्यंत सांभाळून चालवण्याचा) काळही संपला आहे. आता गाडी जशी पळायला हवी तशी पळते का, हे अंदाजाने नव्हे तर मोजून ठरवायचे आहे.

अडचण अशी आहे. त्या काळच्या चाचण्यांत एमजीबी ० ते ६० मैलांचा वेग सुमारे १२ सेकंदांत गाठत असे आणि तिचा कमाल वेग ताशी १०० मैलांच्या थोडा वर जात असे. माझ्या गाडीला साठ मैल गाठायला पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागतो. खालच्या फेऱ्यांवर (मिनिटाला होणाऱ्या, म्हणजे आरपीएमवर) इंजिन उत्तम ओढते, पण तिसऱ्या गिअरमध्ये ४५०० फेऱ्यांच्या आसपास पिकअप मंदावतो. या गाडीचा दुसरा गिअर पन्नास मैलांच्या अलीकडेच संपतो, त्यामुळे तिसरा गिअर घ्यावाच लागतो, आणि त्या गिअरमध्ये साठ मैल म्हणजे साधारण ४६०० फेऱ्या. म्हणजे वेळ वाया जातो तो नेमका शेवटच्या टप्प्यात.

इंजिनाला हात लावण्यापूर्वी मला मोजमापाबद्दल खात्री करून घ्यायची आहे. डॅशबोर्डवरचा स्मिथ्सचा स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा जीपीएसवर छप्पन्नच्या आसपास वेग दिसतो, म्हणून त्याच्यावर विसंबून काढलेल्या वेळेला अर्थ नाही. मोबाइलचा जीपीएसही सहसा सेकंदाला एकदाच नोंद करतो, त्यामुळे बारा-पंधरा सेकंदांच्या धावेत जवळपास एका सेकंदाची चूक सहज होते. सेकंदाला दहा नोंदी करणारा जीपीएस लॉगर (वेग नोंदवणारे यंत्र) मी आता वापरतो. पूर्वीचे चाचणीकार गाडीच्या मागे सायकलसारखे पाचवे चाक जोडून खरा वेग मोजत आणि दोन्ही दिशांना धाव घेऊन सरासरी काढत, ती शिस्त मला आजही योग्य वाटते. रस्ता डोळ्यांना सपाट दिसला तरी शंभर फुटांना एक फूट एवढ्या चढामुळे चौथ्या गिअरमधल्या ५० ते ७० मैलांच्या वेळेत सुमारे एका सेकंदाचा फरक पडू शकतो. शेजारी बसलेल्या माणसाचे वजनही साधारण ९२० किलोच्या या गाडीला जाणवते.

जुन्या आकड्यांशी तुलना करतानाही सावध राहावे, असे माझे मत आहे. १९६१ मध्ये जॅग्वार ई-टाइपने मासिकांच्या चाचणीत ताशी १५० मैल गाठले, पण त्या गाड्या कंपनीने खास तयार करून दिल्या होत्या आणि ग्राहकांच्या गाड्यांना तो वेग सहसा जमत नसे. एमजीबीच्या बाबतीत असे झाल्याचे मी म्हणत नाही. मात्र निव्वळ १२ सेकंदांच्या आकड्यामागे लागून क्लच जाळण्यापेक्षा चौथ्या गिअरमध्ये ३० ते ५० आणि ५० ते ७० मैलांच्या वेळा घेणे मला अधिक उपयुक्त वाटते. त्यात गिअर बदलण्याचे कौशल्य आड येत नाही, आणि मोटरवेवरच्या ७० मैलांच्या मर्यादेतही राहता येते.

आतापर्यंतची तपासणी: कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चारही सिलिंडरांत चौरस इंचाला १६० पौंडांच्या आसपास आणि जवळपास सारखे आहे. स्ट्रोब (टायमिंग तपासायचा लुकलुकता दिवा) लावून पाहिले तेव्हा वरच्या फेऱ्यांना इग्निशनचा अ‍ॅडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते ते) ३० अंशांच्या पुढे जातो, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली, वेगानुसार तो वाढवणारी वजने अडकलेली नाहीत. प्लगचा रंग फिकट तपकिरी आहे. कार्ब्युरेटरचे पिस्टन बोटाने उचलून सोडले की खणकन खाली बसतात. चावी फिरवली की मागचा पेट्रोल पंप भराभर टकटक करतो, मग संथ होऊन थांबतो, पण पूर्ण ओढीच्या वेळी तो पुरेसे पेट्रोल देतो का, हे अजून मोजलेले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. चौथ्या गिअरमधल्या या वेळांचे त्या काळचे तक्ते कुणाकडे आहेत का? पंपाचा प्रवाह घरच्या घरी मोजताना मिनिटाला किती पेट्रोल मिळाले म्हणजे पुरेसे समजावे? आणि बेडफर्डशरमधल्या सँटा पॉडच्या ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या धावपट्टीवर) पाव मैलाची धाव घेतली, तर तिथल्या चिकट पृष्ठभागामुळे तारेच्या चाकांच्या स्प्लाइनवर (चाक हबला पकडून ठेवणाऱ्या खाचांवर) जादा ताण येतो का?

भर: तत्पर प्रतिसादांबद्दल सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे एअर फिल्टर काढून, एकाला पेडल पूर्ण दाबायला सांगून पाहिले. दोन्ही थ्रॉटल पूर्ण उघडतात. न्यूट्रलमध्ये गाडी मोकळी सोडली तर ती छान लांबवर घरंगळते, म्हणजे ब्रेक चिकटत नाहीत. पंपाचा प्रवाह येत्या शनिवारी मोजतो.

एका प्रतिसादात कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टायमिंगची शंका आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण इंजिन बांधताना साखळीचा एक दात जरी चुकला तरी असा परिणाम संभवतो. मूळ कॅमचा इनटेक व्हॉल्व्ह टीडीसीपूर्वी (पिस्टन सर्वांत वर असण्यापूर्वी) १६ अंशांवर उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत खाली गेल्यानंतर) ५६ अंशांवर बंद होतो, त्या हिशेबाने पूर्ण लिफ्ट (व्हॉल्व्ह सर्वाधिक उघडणे) टीडीसीनंतर ११० अंशांवर यायला हवी. पुढचे टायमिंग कव्हर न उघडता, पहिल्या सिलिंडरच्या रॉकरवर डायल गेज आणि पुलीवर अंशांची तबकडी लावून हे तपासता येईल असे दिसते. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे: साखळीतल्या ढिलाईमुळे या मापनात किती अंशांची चूक गृहीत धरावी, आणि इंजिन फक्त सुलट दिशेनेच फिरवत नेल्यास ती टळते का?