सासर, माहेर आणि आम्ही दोघं: तुमच्या घरी कसं जमलं? (अनुभव धागा)

लग्नाला 6 वर्षं झाली आमच्या. पहिली तीन वर्षं दर रविवारी सासरी जेवायला जायचंच, आणि जाणार नसलो तर त्याचं कारण मी द्यायचं. नवरा गप्प. शेवटी त्यानेच आईंना फोन करून सांगितलं की महिन्यातले दोन रविवार आम्ही येऊ, बाकीचे आमचे आम्हाला राहू देत. पंधरा दिवस अबोला होता, मग हळूहळू सुरळीत झालं. नाही म्हटलं म्हणून घर मोडत नाही हे मला तेव्हा कळलं, पण ते नाही कोणी म्हणायचं, कधी, कोणत्या शब्दांत, हे आपल्याला कोणीच सांगत नाही. म्हणून लिहा सगळ्यांनी. सुना, जावई, सासवा, सगळे. जमलं नसेल तर तेही लिहा.

*

आम्ही ठाण्यात, सासू-सासरे त्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली. फ्लॅटच्या डाऊनपेमेंटला त्यांनी 8 लाख दिलेले आणि एक किल्ली त्यांच्याकडे. मी ऑफिसातून यायचे तर डबे वेगळेच लावलेले, फ्रीजमधली भाजी टाकून दिलेली, आणि एकदा तर बेडरूममधलं कपाट आवरलेलं, माझे आतले कपडेसुद्धा घड्या घालून ठेवलेले. मदत म्हणूनच करायच्या त्या, मनात वाईट काही नव्हतं, म्हणून तर बोलता यायचं नाही. नवरा म्हणायचा अगं आईच आहे ना. कपाटाच्या दिवशी मी विचारलं, माझी आई रोज येऊन तुझं कपाट लावायला लागली तर चालेल का तुला? तो काही बोलला नाही, रात्री खाली गेला. किल्ली परत नाही मागितली, एवढंच सांगितलं की किल्ली अडीनडीला, एरवी बेल वाजवून या, आणि आम्ही नसताना बेडरूममध्ये नको. 8 लाखांचा विषय निघालाच! मग दर महिन्याला 15 हजार सासऱ्यांच्या खात्यात टाकत राहिलो, नको नको म्हणत होते तरी, साडेचार वर्षं लागली फेडायला. आता बेल वाजते, आणि खरं सांगते, बेल वाजली की मला आनंदाने दार उघडावंसं वाटतं, आधी नुसती धडकी भरायची.

*

जावई म्हणून लिहितोय. 2023 ला अधिक श्रावण आला तेव्हा माझ्या आईला वाटत होतं की माझ्या सासरहून चांदीचं ताट यावं, थोरल्याला आलं होतं म्हणून. सासरे रिटायर झालेले, धाकट्या मेहुणीचं लग्न तोंडावर. मी आईला म्हटलं 33 अनारसे आणि दिवा एवढंच वाण मी घेणार, ताट आलं तर स्वतः परत नेऊन देईन. आई म्हणाली बायकोने पढवलंय. बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं हो! मुलगा बोलला तरी खापर सुनेच्याच डोक्यावर फुटतं, म्हणून मी बायको घरात नसताना परत परत सांगितलं की हे माझं आहे, तिचं नाही. अनारसे आले, ताट आलं नाही. आई अजून अधूनमधून काढते विषय.

*

आमचं भांडण बाळगुटीवरून. सासूबाईंनी सहाण काढून ठेवलेली, वेखंड, जायफळ, हळकुंड सगळं आणलेलं आणि वर मधाचं बोट. डॉक्टरांनी सांगितलेलं की सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, कारण त्यात असे जंतू असू शकतात की तान्ह्या बाळाच्या आतड्यात त्यांचं विष तयार होतं. मी सांगितलं तर, आमची चार पोरं काय अशीच वाढली का? चूक नव्हतं त्यांचं, त्यांनी खरंच चार वाढवली होती. नवऱ्याने शहाणपणा केला, पुढच्या लसीला आईंनाच घेऊन गेला, म्हणाला आई तूच विचार डॉक्टरांना. आल्यावर सहाण आपणहून वर ठेवली त्यांनी. आंघोळ आणि तेल मात्र पूर्ण त्यांच्याकडे, तिथे मी एक शब्द बोलले नाही.

*

वरचं वाचताना वाटलं, आमच्याकडे बोलून जमण्यासारखं नव्हतंच. लग्नातले माझे दागिने सासूबाईंनी सांभाळायला म्हणून घेतले, मागितले की रडारड, आणि नवऱ्याने कधीच बाजू घेतली नाही. वकीलबाईंनी सांगितलं की स्त्रीधन फक्त बाईचं, सुप्रीम कोर्टाने 1985 सालीच म्हटलंय, आणि 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यामुळे राहतं घर माझ्या नावावर नसलं तरी मला तिथून असंच बाहेर काढता येत नाही. हे शांतपणे घरात सांगितलं, दागिने मिळाले. नातं नाही सुधारलं. मारहाण असेल, पगार काढून घेत असतील तर समजावत बसू नका मुलींनो, 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा.

*

मी सासू आहे, नागपूरची, वय 63. मुलगा-सून पुण्याला. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, फुलोरा, आंबील, पुरण, सोळा भाज्या, सगळं मी घरी केलं इतकी वर्षं, आठ दिवस आधीपासून. दोन वर्षांपूर्वी मुलाने आदल्या रात्री फोन करून सांगितलं की हिला सुट्टी नाही, आम्ही जेवणाच्या दिवशीच येऊ. मी फोन ठेवला आणि रडले. माझ्या सासूबाईंनी मला कधी विचारलं नाही की तुला जमेल का, आणि माझी पाळी आली तर हे. पण राग खरं तर न येण्याचा नव्हता, आदल्या रात्री सांगण्याचा होता. हे मी दिवाळीत सुनेला एकटीला बसवून सांगितलं, की आधी सांगत जा बाई, महिनाभर आधी सांगितलंस तर मी सोय करीन. ती म्हणाली आई, मी त्यांना महिनाभर आधीच सांगितलं होतं. मुलाची हिंमत होत नव्हती मला सांगायची! तेव्हापासून ती मला सरळ फोन करते. यंदा फुलोऱ्याची ऑर्डर मीच बाहेर दिली, भाज्या पाचच केल्या. सून जेवणाच्या दिवशी सकाळच्या गाडीने आली, आणि हातपाय धुऊन पुरण वाटायला बसली.