शाळेतल्या लायब्ररीच्या बाई (किंवा सर): अनुभव धागा

पावसाळी_छत्री
काल लेकीची गाइडं आणायला अप्पा बळवंत चौकात गेले होते. जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक खाकी कव्हर दिसलं, आत तारीखपट्टी, जांभळा शिक्का. आमच्या शाळेचं नव्हतं, तरी हात तिथेच थांबला.

आठवीत 'बेडूक' या विषयावर माहिती लिहून आणायची होती. लायब्ररीच्या बाईंना विचारलं, तर त्यांनी विश्वकोशाच्या कपाटाकडे बोट केलं. "प, फ, मग काय? शोध." अख्खा तास गेला, वाटेत 'बेकारी' वाचून झाली. इतकी चिडले होते! एका वाक्यात सांगता आलं असतं की. पण शोधायचं कसं, हे दुसऱ्या कुठल्याच तासाला कुणी शिकवलं नाही. लिहा तुमचंही.

चहाबाज
आमच्याकडे लायब्ररी म्हणजे कुलूप. किल्ली शिपाईकाकांकडे, काका बँकेत.

गॅलरीतली_तुळस
मी स्वतः अर्धवेळ ग्रंथपाल होते. पट हजाराच्या वर असेल तरच पूर्णवेळ पद. मी साडेबाराला घरी, मुलांची मधली सुट्टी एकला! त्यात कुणी शिक्षक रजेवर असले की ऑफ तासाला मलाच वर्गावर पाठवायचे.
एक मुलगा रोज यायचा, नुसता पंख्याखाली बसायचा. दोन महिन्यांनी पक्ष्यांचं पुस्तक उघडलं, चित्रं बघायला. मग ५९८चा अख्खा कप्पा संपवला (ड्यूईत, म्हणजे पुस्तकांना विषयवार नंबर द्यायच्या पद्धतीत, ५९८ म्हणजे पक्षी). त्याला वाचताना अक्षरं जुळत नव्हती हे मला तिथे कळलं. सातवीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

चहाबाज
ऑफ तास!!! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. मागच्या बाकावर भेंड्या

पावसाळी_छत्री
@तुळस त्या मुलाचं पुढे काय झालं?

गॅलरीतली_तुळस
दहावीनंतर माहीत नाही. एकदा लक्ष्मी रोडला सिग्नलवर दिसला, हात केला. थांबा, पोळी करपतेय

नळस्टॉपवाला
१२ ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जन्मदिवशी, आमच्या फळ्यावर त्यांच्या ग्रंथालयाच्या पाच नियमांतला पाचवा लिहायचे, 'ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे'. फळ्याखाली आमचं एकुलतं एक कपाट. दहा वर्षं तेवढंच.

सदाशिवपेठी
आमच्या बाई उशिराचा दंड घेत नसत, पाच पुस्तकांना कव्हरं घालायला लावायच्या. अजून माझ्याइतकी नीट घडी कुणाला जमत नाही. (बायको: हो, फक्त पुस्तकांचीच.)

चहाबाज
'किशोर'साठी मारामारी व्हायची, आठवतंय का?

नळस्टॉपवाला
१९७१पासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवलेत, फुकट.

पावसाळी_छत्री
काय सांगता! लिंक टाका ना

नळस्टॉपवाला
बाईंचं ऐका. शोधा :)