पोस्टात आलेलं कार्ड

ताई: उठलात का कोणी? इथे अमेरिकेत शनिवारचे रात्रीचे साडेदहा झालेत, हे नाइट शिफ्टला गेलेत आणि मला काही केल्या झोप लागेना म्हणून इथे टाकतेय

मंदाआत्या: सुप्रभात 🙏 चहा घेतेय. काय गं झालं

ताई: अगं आज पोस्टात पिझ्झाची कूपनं, लाइटबिल वगैरे नेहमीचा कचरा आणि त्यात एक कार्ड. मला वाटलं डेंटिस्टचं रिमाइंडर असेल. उलटं केलं तर एका माणसाचा फोटो, नाव, पत्ता, इंग्लिशमध्ये आणि खाली परत स्पॅनिशमध्ये लिहिलेलं की हा नोंदणी झालेला लैंगिक गुन्हेगार तुमच्या भागात राहायला आलाय. पत्ता बघितला तर आमच्या मागच्याच गल्लीतला. पिल्लूची स्कूलबस थांबते ना, त्या कोपऱ्यापासून चौथं घर.

जयूवहिनी: बापरे
जयूवहिनी: कार्डाचा फोटो टाक ना

ताई: नाही टाकत वहिनी, राग नको. मला शेजारी म्हणून कळवलंय, मी ते नाशिक-पुण्यात फिरवून काय करू. अशा गुन्हेगारांच्या यादीची सरकारी साइट आहे, तिच्यावर पण स्पष्ट लिहिलंय की ही माहिती कोणाला त्रास द्यायला वापरलीत तर तुमच्यावरच केस होईल

जयूवहिनी: बरं. पण असं घरपोच कळवतात? भारीच आहे की

ताई: सगळ्यांबद्दल नाही कळवत. टेक्सासमध्ये धोक्याच्या तीन पायऱ्या आहेत, त्यातला सगळ्यात वरचा असेल तरच तीन ब्लॉकमधल्या घरोघर कार्ड येतं. बाकीचे साइटवर आपण आपले शोधायचे. मग काय, मी बसले शोधत. पिन कोड टाकला की नकाशावर ठिपके येतात, ठिपक्यावर दाबलं की फोटो, उंची, वजन, डोळ्यांचा रंग, गुन्हा कोणता, ज्याच्यावर झाला तो मुलगा की मुलगी आणि त्यांचं वय, आणि बुटाचा नंबर

अण्णाकाका: बुटाचा नंबर?

ताई: हो काका. टेक्सासच्या कायद्यातच आहे तसं, नोंदणी करताना बुटाचं माप लिहून घ्यायचं म्हणून. फोन नंबर, सोशल सिक्युरिटी नंबर हे मात्र दाखवत नाहीत. मी त्या बुटाच्या नंबरकडेच किती वेळ बघत बसले होते देव जाणे. यांचा आणि त्याचा एकच आहे

मंदाआत्या: अगं काहीतरी काय. पिल्लू कुठाय

ताई: माझ्या शेजारी आडवी पसरलीय. आत्या खरं सांगू, मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. शिक्षा कुठल्या कोर्टात झाली तिथे टेक्सासचं कुठलं कोर्ट नाही, मिलिटरी लिहिलंय

अण्णाकाका: म्हणजे कोर्ट मार्शल. सॅन अँटोनियो म्हणजे फौजी गावच की. मागे आलो होतो तेव्हा सकाळी सकाळी ते बिगुल ऐकू यायचं, मला बेळगावची आठवण झाली होती

ताई: हो ना. तीन तळ आहेत इथे, लॅकलँड, फोर्ट सॅम ह्यूस्टन आणि रँडॉल्फ, २०१० पासून तिघांचा एकच कारभार. अख्ख्या एअर फोर्सचे नवे रिक्रूट लॅकलँडलाच घडतात. आमच्या गल्लीत एक आड एक घर फौजी नाहीतर रिटायर्ड फौजी. दर दोन-तीन वर्षांनी बदली, ट्रक येतो, एक कुटुंब जातं दुसरं येतं, पिल्लूची बेस्ट फ्रेंड आत्तापर्यंत तीनदा बदलली. कोण कुठून आलाय, मागे काय करून आलाय, कोणाला माहीत असणार? उलट मी म्हणायचे फौजी वस्ती आहे, शिस्तीची माणसं, सेफ.

बंट्या: ताई लॅकलँड म्हणजे तेच ना, २०१२ चं ट्रेनिंग इन्स्ट्रक्टर लोकांचं प्रकरण? नव्या पोरींवर अत्याचार केले म्हणून एकाला २० वर्षं लागली होती

ताई: तेच. तेव्हा आम्ही इथे नव्हतो पण समोरच्या काकू अजून सांगतात. त्या वीस वर्षं एअर फोर्सच्या लीगल ऑफिसात होत्या. आज कार्ड हातात घेऊन तशीच स्लीपर घालून त्यांच्याकडे गेले. त्यांना पण आलं होतं कार्ड, फ्रिजवर मॅग्नेटनी लावून ठेवलेलं

अण्णाकाका: मग फौजेची वेगळी यादी असते का? त्यांच्याकडे सगळ्याचं रजिस्टर असतं

ताई: तेच विचारलं मी. तर नाही काका, फौजेची स्वतःची अशी लोकांना बघता येईल ती यादीच नाही. यादी ठेवायची ती राज्यानं. फौजेचं काम फक्त कळवायचं. म्हणजे बघा, मोठी शिक्षा झाली की कॅन्ससमधल्या फोर्ट लेव्हनवर्थच्या तुरुंगात, तिथून सुटताना डीडी २७९१ नावाचा एक फॉर्म भरून घेतात, मी अमक्या राज्यात तमक्या पत्त्यावर राहायला जाणार, मला नोंदणी करावी लागते हे मला सांगितलंय, खाली सही. मग तुरुंगवाले त्या राज्याला आणि तिथल्या पोलिसांना कळवतात आणि त्या माणसानं स्वतःच्या पायांनी जाऊन तिथे हजर व्हायचं. काकू म्हणाल्या सगळी गोम त्या कागदात आहे. तुरुंगात गेलाच नाही, नुसतीच बडतर्फी झाली, तर कळवायचं काम त्याच्या तळावरच्या ऑफिसनं करायचं, आणि तिथला क्लार्क पण दर दोन वर्षांनी बदलून जाणारा. राहिला कागद टेबलावर की माणूस हवेत विरला. २०१५ मध्ये कायदा करून फौजेला सांगितलं की आता तुम्ही थेट केंद्र सरकारच्या देशभराच्या यादीला माहिती द्यायची. म्हणजे त्याच्या आधी किती सुटले असतील.

दादा: कागद राहिला की काय होतं ते तुमच्या जवळच घडलंय ना, सदरलँड स्प्रिंग्जला. ते चर्चमधलं

ताई: हो रे, आमच्यापासून जेमतेम पाऊण तास. नोव्हेंबर २०१७.

जयूवहिनी: त्याचा काय संबंध

दादा: लैंगिक गुन्ह्याची केस नव्हती ती, पण गोष्ट तीच. तो माणूस एअर फोर्समध्ये होता, बायकोला आणि तिच्या लहान मुलाला मारहाण केली म्हणून २०१२ ला कोर्ट मार्शल होऊन शिक्षा झालेली. एअर फोर्सनं ते एफबीआयला कळवलंच नाही. त्यामुळे दुकानात बंदूक घेताना कॉम्प्युटरवर नाव स्वच्छ, घेतली बंदूक आणि चर्चमध्ये २६ जीव गेले. पुढे कोर्टानं ६० टक्के जबाबदारी सरकारवर टाकली.

मंदाआत्या: अरे देवा

अण्णाकाका: एका फॉर्मपायी

बंट्या: काका यादीवरूनच एक केस आहे, आम्हाला कॉलेजात नव्हती पण मी वाचलीय. २०१३ ची, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाची. एअर फोर्सचाच माणूस, १९९९ ला कोर्ट मार्शल, पंधरा वर्षांच्या मुलीची केस, तीन महिने शिक्षा भोगून फौजेतून बाहेर. पुढे टेक्सासमध्येच, एल पासोहून सॅन अँटोनियोला राहायला आला आणि पत्ता बदलल्याचं सांगितलंच नाही. पकडल्यावर म्हणतो शिक्षा संपली, फौज सुटली, नोंदणीचा हा कायदा आला २००६ ला, आता माझ्यावर केंद्र सरकारचा काय हक्क? कोर्टानं ७ विरुद्ध २ नं सांगितलं की हक्क आहे, फौजेचे नियम करायचा अधिकार संसदेचा आणि गुन्हा केला तेव्हाही तू नोंदणीच्या आधीच्या कायद्याखाली होतासच

अण्णाकाका: बरोबर निकाल आहे. वर्दीत केलंस ना

ताई: बंट्या किती वर्षं नाव राहतं रे? काकूंनी सांगितलं पण मी गडबडले

बंट्या: केंद्राच्या कायद्यात तीन गट, १५ वर्षं, २५ वर्षं आणि आजन्म. पहिल्यानं वर्षातून एकदा, दुसऱ्यानं सहा महिन्यांनी, तिसऱ्यानं दर तीन महिन्यांनी स्वतः जाऊन हजेरी. घर, नोकरी, कॉलेज काहीही बदललं की कामाचे तीन दिवस. नाही सांगितलं तर १० वर्षांपर्यंत तुरुंग. राज्याचं गणित परत वेगळं, टेक्सासमध्ये १० वर्षं किंवा आजन्म. आणि अल्पवयीन मुलांवरचा गुन्हा असेल तर २०१६ च्या कायद्यानं पासपोर्टवर पण छापतात, परदेशी जायच्या २१ दिवस आधी कळवायचं

जयूवहिनी: आपल्याकडे का नाही करत असं?? नाव फोटो सगळं लावा चौकात

बंट्या: यादी आहे ना वहिनी, सप्टेंबर २०१८ पासून. सुरू झाली तेव्हाच ४ लाख ४० हजार नावं होती. पण ती फक्त पोलिसांना दिसते, तुला मला नाही.

जयूवहिनी: मग काय उपयोग

दादा: तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती यादी गेली ना तर दुसऱ्या दिवशी त्याच नावाच्या भलत्याच माणसाच्या काचा फुटतील. मागे त्या कुरिअरवाल्या पोराचं काय केलंत, मुलं पळवणारा म्हणून

जयूवहिनी: ते वेगळं होतं

दादा: हो का

अण्णाकाका: आपल्या फौजेचं सांगतो, लोकांना वाटतं जवानाचं सगळं आत मिटतं. आर्मी ॲक्ट १९५०, कलम ७०. सिव्हिलियनवर बलात्कार केला तर कोर्ट मार्शल नाही, सरळ सिव्हिल कोर्ट. अपवाद तीन, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर असताना, देशाबाहेर किंवा सरकारनं जाहीर केलेल्या सरहद्दीवरच्या चौकीत. आता ते अपवाद किती मोठे आहेत त्यावर वाद घालणारे घालतात. मला ताईला एक विचारायचंय. केस कोर्ट मार्शलपर्यंत गेलीच नाही, कमांडिंग ऑफिसरनं आतल्या आत दंड करून, रँक उतरवून मिटवली, तर यादीत नाव येतं का?

ताई: नाही काका. तुम्ही बरोबर तिथेच बोट ठेवलंत. साहेबानं दिलेली शिक्षा म्हणजे दोषी ठरणं नाही. आणि कोर्ट मार्शलऐवजी फौज सोडून जातो असं लिहून दिलं आणि वरच्यांनी मान्य केलं तरी नाही. तो माणूस कोरा. तो माझ्या डाव्या बाजूच्या घरात येऊन राहिला तरी मला कार्ड येणार नाही.

अण्णाकाका: हं. पाहिलंयत असे मी. पोस्टिंग बदलून दिलं की संपलं

ताई: आणि वर्दीतला माणूस यादीत सापडणं तसं कठीणच म्हणे. २०१४ पासून बलात्कारासारख्या गुन्ह्यात दोषी ठरला तर बडतर्फी सक्तीची आहे, त्यामुळे यादीत असतात ते माजी, नाहीतर कोणाचा नवरा, कोणाचा मुलगा, कोणी तळावर काम करणारा कंत्राटी माणूस. आर्मीच्या तळात राहायचं, काम करायचं तर तिथल्या प्रोव्होस्ट मार्शलकडे, म्हणजे फौजी पोलिसांच्या प्रमुखाकडे वेगळी नोंद. पण कुंपणाबाहेर आमच्यासारख्या वस्तीत कोण बघणार

जयूवहिनी: मग तुमच्या तिकडच्या ग्रुपवर काय चाललंय

ताई: विचारू नकोस. दुपारपासून १४० मेसेज. एक म्हणतो सह्यांचा अर्ज करू, एक म्हणतो त्याच्या दारासमोर रोज गाडी लावून बसू. एकीनं विचारलं शाळेपासून किती फुटांवर राहायला बंदी आहे, तर अख्ख्या टेक्सासला मिळून असा एकच नियम नाही, पॅरोल-प्रोबेशनवर असेल तर अटी, नाहीतर त्या त्या गावाचा ठराव. शेवटी समोरच्या काकूंनी एकच मेसेज टाकला, की तो जाईल तुम्ही हाकललंत तर, पण मग पत्ता न सांगता जाईल, आत्ता निदान कुठे आहे ते आपल्याला माहितीय. त्यावर कोणी काही बोललं नाही. मला पटलं पण आणि नाही पण. चौथं घर आहे हो.

दादा: बसस्टॉपचं काय करणार

ताई: सोमवारपासून मी आणि अजून दोघी आळीपाळीनं थांबणार. पिल्लूला काय सांगू कळत नाही. आठ वर्षांची आहे. फोटो दाखवू का?

मंदाआत्या: फोटो नको दाखवूस

ताई: का गं?

मंदाआत्या: मग तिला वाटेल वाईट माणूस म्हणजे तोच, तशा तोंडाचा. आपल्या वाड्यात मागच्या खोलीत मास्तर होते ना, गणिताची शिकवणी घ्यायचे. सगळे पाया पडायचे त्यांच्या. आम्ही मुली कधी एकटी जायचो नाही. एकीला ताप असला की दुसरी पण पोटात दुखतंय म्हणून घरी. कोणी कोणाला काही सांगितलेलं नव्हतं पण सगळ्यांना माहीत होतं. आईला वाटायचं मंदीला गणित आवडत नाही.

मंदाआत्या: तेव्हा कुठलं कार्ड न काय

*

अण्णाकाका: मंदे

अण्णाकाका: मला का नाही सांगितलंस

मंदाआत्या: तू मला हाताला धरून तिथे सोडायला यायचास अण्णा. काय सांगणार होते

बंट्या: आत्या 🙏

मंदाआत्या: अरे हात काय जोडतोस. गेले ते, झाली तीस वर्षं. मला आत्ता का आठवलं कोण जाणे, त्या बुटावरून असेल. दाराबाहेर त्यांच्या काळ्या वहाणा असायच्या, त्या दिसल्या की आम्ही जिन्यातच थांबायचो

ताई: आत्या मी फोन करू?

मंदाआत्या: तुझ्याकडे रात्र ना गं, झोप

ताई: झोप नाहीच येत. करते

मंदाआत्या: कर मग. पण साधा कर, व्हिडिओ नको, केस विंचरायचेत अजून. आणि अण्णा तू घरी ये दुपारी, थालीपीठ करते