सिलोन म्हणजे फक्त अमीन सयानी नव्हे

'रेडिओ सिलोन (श्रीलंकेतल्या कोलंबोहून हिंदी गाणी ऐकवणारं केंद्र) म्हणजे अमीन सयानी' हे विधान अर्धंच खरं. निवेदक सयानी मुंबईत 'गीतमाला' हा हिंदी सिनेगीतांचा कार्यक्रम रेकॉर्ड करायचे, टेप कोलंबोला जायची. रोजचा गाडा ओढला तो तिथेच राहणाऱ्या गोपाल शर्मा, मनोहर महाजन यांच्यासारख्या निवेदकांनी. सकाळी साडेसातला जुन्या चित्रपटांची गाणी, आणि आठच्या आत शेवटचं गाणं सैगलचंच!

आणि या भरभराटीला हातभार आपल्या पुण्याच्या बाळकृष्ण केसकरांचा, बरं का. माहितीमंत्री असताना त्यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार केलं. श्रोते मुकाट्याने शास्त्रीय संगीत ऐकतील ही अपेक्षाच भाबडी. त्यांनी सरळ सिलोन लावलं. डिसेंबर १९५२ मध्ये गीतमाला सुरू झाली. आकाशवाणीच्याच सिनेसंगीत ऐकवणाऱ्या विविध भारतीला मात्र ३ ऑक्टोबर १९५७ उजाडला.