मदत हवी आहे: मालवणच्या किनाऱ्यालगतच्या वॉर्डाचा निवडणूक इतिहास कसा जुळवावा?

नमस्कार मंडळी,

मालवण शहरातल्या दांडी-मेढा पट्ट्यातून नगरपरिषदेवर आजवर कोण कोण निवडून गेलं, समोर कोण उभं होतं, किती मतांचा फरक पडला, याची सलग नोंद करायची आहे. जुन्या निवडणुका ज्यांच्या तोंडपाठ होत्या अशी माणसं एकेक करून जाताहेत. विधानसभा-लोकसभेचे निकाल अगदी पहिल्या निवडणुकीपासून घरबसल्या मिळतात. पण नळ, गटार आणि खांबावरच्या दिव्यासाठी आपण ज्यांच्या दारात जातो, त्यांचे निकाल शोधायला गेलं की हाताला काही लागत नाही.

मुख्य अडचण वॉर्डाच्या नंबरांची. दर निवडणुकीला रचना नव्याने होते. कधी एका जागेचा वॉर्ड, कधी अनेक जागांचा प्रभाग. २०१६ ला 'क' वर्ग (लोकसंख्येने सगळ्यात लहान वर्ग) नगरपरिषद म्हणून मालवणात १७ जागा होत्या. पुढे कायद्यात बदल होऊन 'क' वर्गात किमान २० जागा ठरल्या आणि २ डिसेंबर २०२५ च्या मतदानाला दोन-दोन जागांचे दहा प्रभाग आले. त्यामुळे 'प्रभाग तीनमध्ये २०११ ला कोण आणि २०१६ ला कोण' असा तक्ता केला, तर तो दिसतो व्यवस्थित आणि असतो पूर्ण चुकीचा. मला तक्ता वाडीनुसार हवा आहे, नंबरानुसार नको. हे जमवलेलं कुणी आहे का?

दुसरा गुंता आरक्षणाचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून आपल्याकडे निम्म्या झाल्या. सोडतीत जागा फिरते. म्हणजे एखादा नगरसेवक पुढच्या वेळी दिसत नाही तेव्हा तो पडला, उभाच राहिला नाही, की जागाच त्याच्या प्रवर्गात राहिली नाही, हे नुसत्या निकालावरून कळत नाही. जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत न दिल्याने पद गेलं आणि पोटनिवडणूक झाली, असे प्रकार वेगळेच. प्रत्येक वेळचं आरक्षण कुठे नोंदलेलं मिळेल?

नगराध्यक्षपदाचंही तसंच. २००१ ला थेट जनतेतून, मग नगरसेवकांतून, २०१६ ला पुन्हा थेट, २०२० मध्ये ते रद्द, २०२२ मध्ये परत थेट. थेट निवडणुकीत मतदाराच्या हातात नगराध्यक्षाचं वेगळं मत असतं, आणि माझ्या मते त्याने वॉर्डातलं गणितही बदलतं. एका वाडीने नगरसेवक एका पक्षाचा आणि नगराध्यक्ष दुसऱ्याचा असं मत दिलं का, हे मतदान केंद्रनिहाय आकड्यांशिवाय सांगता येणार नाही. ते आकडे किती वर्षं जपतात?

आणि २०२१ च्या अखेरीपासूनची प्रशासकाची चार वर्षं. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला आणि निवडणूकच झाली नाही. मेढ्यातल्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, तेव्हा देशभरचे कॅमेरे मेढ्यात आले होते, पण त्या भागाचा निवडून आलेला नगरसेवक नव्हता. वॉर्डाच्या इतिहासात ही रिकामी ओळ भरलेल्या ओळींइतकीच महत्त्वाची आहे, म्हणून ती तारखांसह नोंदवणार आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं, सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद : निवृत्त कारकून

नंबर सोडा, प्रगणक गट (जनगणनेसाठी पाडलेले घरांचे छोटे गट) धरा. प्रभाग हे जनगणनेच्या प्रगणक गटांची मोट बांधूनच करतात आणि अंतिम अधिसूचनेत चतुःसीमेसोबत हे गट दिलेले असतात. २०१६ आणि २०२५ या दोन्ही रचना २०११ च्याच जनगणनेवर आहेत, कारण मधल्या काळात जनगणना झालीच नाही. त्यामुळे या दोन निवडणुकांची वाडीनिहाय जुळणी तुम्हाला सरळ करता येईल. त्यामागच्या निवडणुकांसाठी प्रभागनिहाय मतदार याद्या बघा. विधानसभेची यादी फोडूनच त्या करतात. पण एक लक्षात ठेवा : २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी विधानसभा मतदारसंघ 'मालवण' होता, नंतर 'कुडाळ'. जुन्या याद्या शोधताना 'मालवण' या नावाने शोधा.

निवडून आलेल्यांची नावं राज्यपत्रात प्रसिद्ध होतात. शिवाय नगरपरिषदेच्या सभांचं इतिवृत्त बघाच. हजेरीवरून कोण कधी आलं, कोणाचं पद मध्येच गेलं, ते कळतं. माहितीच्या अधिकारात अर्ज करताना 'सगळ्या निवडणुकांची माहिती द्या' असं लिहू नका, असा अर्ज हमखास परत येतो. वर्ष आणि कागदाचं नाव लिहा, आणि प्रतींऐवजी आधी अभिलेख पाहणी (कार्यालयात बसून कागद बघणं) मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो.

प्रतिसाद : मेढेकरीण

माझा माहेर मेढ्यातला. एक सांगायचं राहून जाईल म्हणून लिहिते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीची मालवणची निवडणूक म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याची. ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गच्या जिल्हा मुख्यालयात, कागद नाही मिळाला म्हणून तो नाहीच असं समजू नका, रत्नागिरीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा.

आणि बायकांच्या जागांबद्दल : निकालात नाव बाईचं असतं आणि वाडीत लोक नवऱ्याचं सांगतात. तुम्ही नोंदीत बाईचंच नाव लिहा, आणि तिने सभेत काय विषय मांडले तेही इतिवृत्तातून काढा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. प्रगणक गटांची वाट मला ठाऊकच नव्हती. २०१६ आणि २०२५ पासून मागे मागे जातो, आणि रत्नागिरीचा अर्ज वेगळा करतो. ताई, इतिवृत्तातले विषय तक्त्यात घेतो, त्यासाठी वेगळा रकाना ठेवला आहे.

आता एकच विनंती. २००१ किंवा २००६ ची दांडी, मेढा, धुरीवाडा इथली प्रभागाची मतदार यादी कुणाच्या घरी पडून असेल, तर नावं आणि घर क्रमांक झाकून फक्त पहिल्या पानाचा फोटो इथे टाका. यादीच्या माथ्यावरचा प्रभाग क्रमांक आणि वाडीचं नाव दिसलं तरी माझं काम होईल.