नातवंडांच्या प्रवासाला पालकांच्या संमतीची नोंद पासपोर्टाशी जोडावी का?

दादरकर

आई-बाबा बरोबर नसताना, आजी-आजोबांचं बोट धरून परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी सरकारने एक अधिकृत संमती-नोंद सुरू करावी आणि ती मुलाच्या पासपोर्टाशी जोडावी, असं माझं ठाम मत आहे. आज प्रत्येक घर आपापल्या अंदाजाने मजकूर टाइप करून घेतं, त्यावर नोटरीचा शिक्का मारून घेतं, आणि समोरच्या अधिकाऱ्याला तो पटेल अशी आशा करतं. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टँप पेपर गेला, आता पाचशेचा. बरं, पाचशे रुपये खर्चून हातात येतं ते काय, हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही.

मुंबईत ही वेळ घरोघरी येते. दोघंही नोकरीला, शाळेला दीड महिना सुट्टी, रजा मात्र आठवडाभराची. मग नातवंडं आजी-आजोबांबरोबर मावशीकडे टोरँटोला जातात किंवा काकाकडे लंडनला. प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. कॅनडाला दोन्ही पालकांच्या सहीचं पत्र हवं असतं, त्यात त्यांचा पत्ता आणि फोन, शिवाय तिथे मुलाला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाचंही नाव-पत्ता. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाच्या अर्जातच सोबतच्या मोठ्या माणसाचं नाव द्यावं लागतं. जास्तीत जास्त दोन नावं, आणि त्यांच्याशिवाय मूल तिथे उतरलं तर प्रवेश नाकारू शकतात. शेंगेनला, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांना, व्हिसाच्या अर्जाबरोबरच पालकांची संमती लागते. अमेरिकेत कायद्याने सक्ती नाही, पण पत्र जवळ ठेवा असा त्यांचाच आग्रह असतो. दक्षिण आफ्रिकेने २०१५ मध्ये नियम इतके कडक केले की २०१९ मध्ये ते सैल करावे लागले.

मुलाचा पासपोर्ट काढताना आई-बाप दोघंही अनेक्श्चर डी या संमतीच्या फॉर्मवर सह्या करतातच. त्याच वेळी ‘आजी-आजोबांबरोबर प्रवासाला आमची संमती आहे’ अशी नोंद का घेता येऊ नये? ब्राझीलमध्ये पालकांनी मागितली तर अशी परवानगी मुलाच्या पासपोर्टातच छापून मिळते. फ्रान्सने २०१७ मध्ये देशाबाहेर जाणाऱ्या मुलांसाठी संमतीचा फॉर्म पुन्हा आणला. घरी भरायचा, पालकाच्या ओळखपत्राची प्रत जोडायची, कुठल्याही कचेरीत जायचं नाही. आपल्याला हे अवघड नाही.

कागद_कमी_करा

दादरकर, तळमळ कळते, पण उपाय चुकीचा वाटतो. समोरच्या देशाने तुमच्याकडे भारत सरकारचा फॉर्म मागितलेलाच नाही. कॅनडाच्या पत्रात फोन नंबर का हवा असतो? शंका आली तर अधिकारी आई-बापाला फोन लावू शकतो म्हणून. शिक्का कितीही मोठा असला तरी मुंबईत रात्री तीन वाजता तो फोन कुणीतरी उचलायला हवा. हे काम कुठलंही मंत्रालय तुमच्यासाठी करणार नाही.

नातं सिद्ध करायचा कागदही आपल्याकडे आहे, पण त्याकडे लक्षच जात नाही. पासपोर्टाचं शेवटचं पान बघा. नातवाच्या पासपोर्टावर त्याच्या आई-वडिलांची नावं. वडिलांच्या पासपोर्टावर त्यांच्या आई-वडिलांची, म्हणजे बरोबर निघालेल्या आजी-आजोबांची. वडिलांच्या पासपोर्टाची पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत जवळ ठेवली की साखळी पूर्ण. आईकडच्या आजी-आजोबांबरोबर जाताना तर हे फारच उपयोगी, कारण तिथे नात आणि आजोबा यांचं आडनाव जुळतच नाही. आईने लग्नानंतर नाव बदललं असलं तरी तिच्या शेवटच्या पानावर तिच्या आई-वडिलांची नावं असतातच. जोडीला वॉर्ड ऑफिसचा जन्मदाखला, फक्त त्यावर मुलाचं नाव चढलेलं आहे ना ते आधी बघून घ्या. बाळाचं नाव न घालता दाखला काढून ठेवलेली कितीतरी घरं आहेत.

माझी खरी भीती वेगळी आहे. अशी नोंद एकदा सुरू झाली की विमान कंपनीचा काउंटरवरचा कर्मचारी ती प्रत्येकाकडे मागू लागेल. ज्या देशाला नको आहे तिथे जातानाही. मग ज्याच्याकडे ती नाही तो आजोबा सहार विमानतळाच्या टी-टू वर नातवाला घेऊन उभा राहील आणि विमान निघून जाईल.

गोरेगावकर

+१. आणि मुळात आजी म्हणजे काय परकी बाई आहे का? जिने मूल लहानाचं मोठं केलं तिला परवानगीचा कागद दाखवायला लावायचा, हे मनाला पटत नाही.

कांदिवली_पूर्व

गोरेगावकर, मला हे फार मनापासून लिहायचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं आणि नवऱ्याचं वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात प्रकरण चालू आहे. मुलगा लहान आहे. नवरा परदेशात नोकरी करतो आणि त्याचे आई-वडील मुंबईत आहेत. माझ्या मुलावर त्यांचा जीव आहे, ते मी कधीच नाकारणार नाही. पण ‘आजी-आजोबांबरोबर सुट्टीला’ म्हणून गेलेलं मूल तिकडेच राहिलं तर मी काय करायचं? मुलांना असं एका देशातून दुसऱ्या देशात नेऊन ठेवलं तर परत आणण्यासाठी १९८० चा हेग करार आहे. भारत त्यात नाही. विधी आयोगाने २००९ च्या २१८ व्या अहवालात सामील व्हावं असं सुचवलं होतं, तरी अजून नाही. म्हणजे त्या कराराचं दार मला बंद. परक्या देशात जाऊन, तिथला वकील लावून, तिथल्या कोर्टात उभं राहायचं.

म्हणून दादरकर, पासपोर्ट काढताना एकदा दिलेली संमती पाच वर्षं चालणार असेल तर माझा ठाम विरोध आहे. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तिथवर चालतो. तेवढ्या काळात घरं मोडतात. मूल वर्षाचं असताना आनंदाने केलेली सही पुढे माझ्याच विरुद्ध वापरली जाईल. तुम्ही ज्या फ्रान्सचं उदाहरण दिलंत तिथे एकाच पालकाची सही चालते, हेही लक्षात घ्या.

आणि कागद_कमी_करा, तुमची शेवटच्या पानाची साखळी नातं सांगते. संमती सांगत नाही. ज्या घरात भांडण आहे तिथे नातं खरंच असतं.

गिरगावचा_वकील

कायद्याचं थोडं, कारण दोन्ही बाजूंना गैरसमज दिसतात.

हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि आई. आजी-आजोबा त्यात येत नाहीत. त्यांना कायदेशीर पालक व्हायचं असेल तर १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली कोर्टाकडे जावं लागतं. संमतीपत्राने पालकत्व त्यांच्याकडे जात नाही. एका प्रवासापुरता मुलाचा सांभाळ सोपवला जातो, एवढंच.

दुसरं, नोटरी. किल्ला कोर्टासमोर बसणारा नोटरी ‘ही सही या माणसाने माझ्यासमोर केली’ एवढीच साक्ष देतो. मजकूर खरा की खोटा, दुसऱ्या पालकाला माहीत आहे की नाही, हे तो तपासत नाही. त्यामुळे एकाच पालकाच्या सहीचं पत्रही रीतसर नोटराइज होऊन येतं. कांदिवलीच्या ताईंची भीती अगदी रास्त आहे.

अपोस्टीलबद्दल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून सरकारकडून होणाऱ्या प्रमाणीकरणाबद्दल, अशील नेहमी विचारतात. ज्या देशाने मागितलं नाही त्यासाठी करू नका.

पत्रात लोक जे विसरतात ते उपचारांचं. मुलाला तिकडे ताप चढला किंवा हात मोडला, तर जीवावरचं दुखणं असेल तर डॉक्टर थांबत नाहीत. पण बाकी उपचारांसाठी ते पालकाची संमती मागू शकतात, आणि आजोबांची सही तिथे पुरेलच असं नाही. म्हणून ‘वैद्यकीय उपचारांना संमती देण्याचा अधिकार अमुक आजी-आजोबांना देत आहोत’ हे वाक्य पत्रात हवंच. सोबत मुलाची ॲलर्जी, रक्तगट आणि विम्याचा पॉलिसी नंबर. माझ्या मते या धाग्यात सगळ्यात कामाचं हेच आहे, आणि यासाठी कुठल्याही नव्या नियमाची गरज नाही.

मुलुंडची_आजी

गोरेगावकर, तुम्ही आमच्या बाजूने बोललात, बरं वाटलं. पण मला कुणी विचारलं तर राग येत नाही. लंडनला उतरल्यावर अधिकारी बाईंनी नातीला माझ्यापासून जरा बाजूला घेतलं आणि विचारलं, ही कोण, तुझे आई-बाबा कुठे आहेत, ते काय करतात. नात सात वर्षांची, तिने धडाधड सांगितलं. मला उलट धीर आला. आज तिला विचारलं, उद्या दुसऱ्या कुणाबरोबर चाललेल्या मुलीलाही विचारतील. मुलांना निघायच्या आधी सांगून ठेवावं, कुणाकडे चाललोय आणि का. कागद माझ्या पिशवीत होतेच, पण आधी त्यांनी मुलीचं ऐकलं.

त्रास होतो तो वेगळाच. प्रत्येक वेळी मुलाला आणि सुनेला रजा काढून सहीसाठी नेणं. दोघांना एकाच दिवशी सुट्टी मिळत नाही. हे घरून करता आलं तर दादरकरांना माझा पाठिंबा आहे.

सह्याद्री_ते_हिमालय

थोडं अवांतर, पण सुट्टीच्या दिवसांत कुणाच्या तरी उपयोगी पडेल. नेपाळ आणि भूतानसाठी १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या भारतीयांना आधार कार्ड चालतं, हे गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे सत्तरीचे आजोबा आणि दहा वर्षांचा नातू दोघंही आधारवर काठमांडूला जाऊ शकतात. मधल्या वयाच्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, म्हणून साठीच्या आजींनी हे आधी बघावं. संमतीपत्र मात्र मी तिथेही जवळ ठेवेन.

दादरकर

कांदिवलीच्या ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. पासपोर्टात छापलेली कायमची नोंद आता मी मागत नाही. मागणी अशी मांडतो: पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर दोन्ही पालकांनी आपापल्या मोबाइलवरच्या ओटीपीने संमती द्यायची. एका प्रवासापुरती, तारखा आणि देश घालून, सोबतच्या मोठ्या माणसाच्या पासपोर्ट नंबरासह. दोघांपैकी कुणीही ती कधीही मागे घेऊ शकेल. एकदा हातात दिलेलं नोटरीचं पत्र मागे घेता येत नाही, पण ही नोंद रद्द करता येईल आणि निघताना इमिग्रेशनला ती दिसेल. उपचारांचं वाक्यही त्यातच छापलेलं असेल. मुलुंडच्या आजींच्या मुलाला आणि सुनेला रजा काढावी लागणार नाही.

कागद_कमी_करा

निघताना इमिग्रेशनला दिसेल म्हणता, म्हणजे नसेल तर अडवणार. मग ती ऐच्छिक कशी राहिली? ज्या सुखी घरांना आज फक्त एक साधं पत्र लागतं, त्यांनाही ती करावीच लागेल. आणि ज्या आजोबांचा मुलगा जहाजावर आहे, महिनोन्महिने रेंजमध्ये नाही, त्याचा ओटीपी कुठे येणार? मुंबईत अशी घरं थोडी नाहीत. माझा विरोध कायम.

गोरेगावकर

जहाजाचा मुद्दा खरा आहे. माझा मेहुणाच मर्चंट नेव्हीत आहे.

कांदिवली_पूर्व

जहाजावरच्या माणसाला निघण्याआधी संमती देऊन ठेवता येईल, तारखा थोड्या सैल ठेवता येतील. त्यावर तोडगा निघेल. नुसत्या पत्रापेक्षा मला दादरकरांची ही नवी मांडणी नक्कीच बरी वाटते. फक्त एक गोष्ट त्यात घाला. ज्या आईकडे किंवा बापाकडे कोर्टाच्या आदेशाने मुलाचा ताबा आहे, त्यांनी दुसऱ्याचा ओटीपी कुठून आणायचा? पासपोर्टासाठी एका पालकाची संमती मिळत नसेल तर अनेक्श्चर सी आहे, तशीच वाट इथेही ठेवा आणि कोर्टाचा आदेश अपलोड करायची सोय द्या. नाहीतर माझ्या मुलाला माझी स्वतःची आईसुद्धा कुठे नेऊ शकणार नाही. एवढं घालून निवेदन तयार केलंत तर माझी सही पहिली.